काळी वायर म्हणजे काळी वायर

"काका, हा धडकला ना, की माझी गाडी ओढते."

सातवी-आठवीतलं पोरगं. लाल सीटवरून अर्धवट वळून, शेजारच्या मित्राकडे बोट दाखवत ते असं म्हणालं आणि मी हसलो. "तुझी गाडी तूच ओढतोयस. समोर बघ," म्हणालो आणि काउंटरवर जाऊन बसलो. उभी हयात टीव्ही दुरुस्तीत घालवलेल्या माणसाला अशा तक्रारीची किंमत कळायला हवी होती. टीव्हीचं गिऱ्हाईक येतं आणि "लागत नाही" एवढंच सांगतं. या पोराने कुठल्या सीटवर, केव्हा आणि कशामुळे, हे तिन्ही एका दमात सांगितलं होतं. मला ते अशक्य वाटलं, एवढंच. दोन सीटांना दोन बोर्ड, दोन पडदे, दोन स्टिअरिंगं. एकाच्या धडकेने दुसऱ्याची गाडी वळेल कशी?

वळत होती. आणि ती सोय माझ्याच हातची होती. पण हे कळेपर्यंत मी जी वाट धरली ती भलतीच लांबची निघाली.

हे २०१० च्या आसपासचं. शहर तेव्हा अहमदनगरच होतं, अहिल्यानगर व्हायला अजून बराच अवकाश होता. दिल्ली गेटजवळ माझं दुरुस्तीचं दुकान. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले, सपाट टीव्ही आले, त्यांचा बोर्ड दुरुस्त करण्यापेक्षा बदलणं सोपं झालं आणि दुकानात चहावाल्याशिवाय कुणी फिरकेनासं झालं. त्याच सुमारास बहिणीच्या मुलाने सावेडीत, पाइपलाइन रोडला गाळा घेऊन गेम झोन टाकलं. "मामा, मशिनी तुम्ही बघा," म्हणाला. जागा त्याने बरोबर हेरली होती. प्रोफेसर कॉलनीपासून भिस्तबागपर्यंत क्लासेसच्या पाट्या आणि क्लास सुटला की सायकली हातात धरून टोळक्याने रेंगाळणारी पोरं. दहा रुपयांचं टोकन, खिशात असली तर दोन.

पहिलं मशीन उभ्याने खेळायचं, तीन चाकांचं होतं. पडद्यावर अख्खा ट्रॅक वरून दिसतो आणि तिघांच्या चिमुकल्या गाड्या त्यावर पळतात. अटारीचा १९८६ चा 'सुपर स्प्रिंट' याच घराण्यातला. या जातीच्या मशीनची चाकं कितीही फिरवा, अडत नाहीत. चाकाच्या दांड्याला मागे खाचा पाडलेली चकती असते. तिच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला तो दिवा बघणारे दोन डोळे, एकमेकांपासून किंचित सरकवून बसवलेले. कुठल्या डोळ्याला उजेड आधी दिसला यावरून चाक डावीकडे फिरलं की उजवीकडे ते बोर्डाला कळतं. एका डोळ्यावर धूळ बसली की दिशा कळेनाशी होते आणि गाडी जागच्या जागी थरथरते. आमच्या मधल्या चाकाचं नेमकं हेच झालं होतं. स्पिरिटचा बोळा फिरवला, गाडी सुतासारखी सरळ. परत जोडताना दोन डोळ्यांच्या वायरी उलट्या लागल्या, त्यामुळे उजवं ते डावं झालं, तेही लगेच उमगलं. भाचा खूश, मी त्याहून खूश. स्टिअरिंग म्हणजे काय ते आपल्याला कळलं, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

त्या मशीनने मला एक गोष्ट मात्र शिकवली नव्हती, कारण तिची तिथे गरजच नव्हती. ज्या चाकाला शेवट नाही त्याला मध्यही नसतो. चकती कुठल्याही दातावर बसवा, चालतं.

मग मुंबईहून टेंपोतून जुनं जोड-मशीन आलं. बसून खेळायचं, एका केबिनमध्ये शेजारी-शेजारी दोन सीटा, एक निळी आणि एक लाल. दोघांनी एकाच शर्यतीत एकमेकांविरुद्ध पळायचं. सेगाच्या 'डेटोना यूएसए'ने नव्वदच्या दशकात जगभर हा प्रकार गाजवला, त्यात तर आठ जणांपर्यंत सीटा जोडता येत. आमचं मशीन त्यातलं नव्हतं, पण आतली रचना तशीच होती. इथे चाक पाऊण फेऱ्याच्या आसपास फिरतं आणि दोन्ही टोकांना अडतं. दांड्याच्या मागे चकतीऐवजी पॉट, म्हणजे रेडिओच्या व्हॉल्यूमला असतो तसलाच तीन पायांचा भाग. एका पायाला ५ व्होल्ट, दुसऱ्याला शून्य, आणि मधला पाय चाक जिथे असेल त्या हिशेबाने मधलं काहीतरी सांगतो. बोर्ड त्याचे ० ते २५५ असे आकडे करतो. चाक सरळ असेल तर १२८. याशिवाय प्रत्येक चाकाला एक मोटर. गाडी भिंतीला घासली की ती चाकाला हिसका देते, म्हणजे हाताला धक्का लागल्यासारखं वाटतं. दोन्ही मोटरींना मिळून २४ व्होल्टचा एकच सप्लाय होता.

केबिन गाळ्याच्या आतल्या दारातून जाईना, म्हणून ती दोन भागांत खोलली. त्या ओढाताणीत लाल सीटच्या पॉटची काळी वायर कनेक्टरपासून तुटली. ती मुळात लांब वळसा घेऊन बोर्डाच्या कनेक्टरपर्यंत जात होती. रात्र झाली होती, सकाळी उद्घाटन होतं. शेजारीच मोटरींच्या सगळ्या काळ्या वायरी एका थिंबलमध्ये, म्हणजे वायरींच्या टोकाला दाबून बसवतात त्या धातूच्या कडीत, एका स्क्रूखाली कसलेल्या दिसल्या. काळी वायर म्हणजे काळी वायर, शून्य म्हणजे शून्य. मी ती तिथे अडकवली. टेस्ट मेनू उघडून पाहिलं, चाक फिरतंय, आकडा हलतोय. झालं काम. पुढे जे काही झालं त्या सगळ्याच्या मुळाशी हीच एक वायर होती, आणि दुरुस्तीच्या सगळ्या काळात मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. स्वतः जोडलेल्या वायरीवर कोण संशय घेतो?

तक्रारी सुरू झाल्या. लाल सीट उजवीकडे ओढते. डावं वळण पूर्ण बसत नाही. मी सकाळी, गाळा उघडायच्या आधी तपासायला बसायचो, म्हणजे शांत आणि एकटा. टेस्ट मेनूत लाल चाकाचा आकडा आला '७एफ'. हा कुठला एरर कोड म्हणून मशीनबरोबर आलेल्या कळकट पानांत शोधत बसलो. एरर-बिरर काही नव्हता. बोर्ड आकडे सोळाच्या पाढ्याने मोजतो, त्यात १२८ ला '८०' लिहितात आणि त्याच्या एक अलीकडे '७एफ' येतो. म्हणजे चाक अगदी बरोबर मध्यावर होतं! ओशाळलो, पण कुणी बघत नव्हतं. तरी कॅलिब्रेशन, म्हणजे चाकाची दोन टोकं आणि मध्य बोर्डाला ओळखवणं, पुन्हा केलं. सरळ गाडी चालवून पाहिली, ठीक. मी चालवतो कशी? तारकपूर स्टँडबाहेरून स्कूटर न्यावी तशी, कडेला न घासता, जीव मुठीत धरून. मोटर कधी जोरात हिसका द्यायचीच नाही. आणि टेस्ट मेनूत तर मोटरी बंदच असतात. जिथे आजार उद्भवूच शकत नाही अशा दोनच ठिकाणी मी तो शोधत होतो.

संध्याकाळी पुन्हा तीच बोंब. मग पॉटवरच आळ घेतला. तोही अगदी निराधार नव्हता. या मशीनमध्ये पॉट खरोखरच झिजतात, त्यातही मध्याजवळ, कारण चाक जास्तीत जास्त वेळ तिथेच असतं. मी पॉट काढला, क्लीनर मारला, परत बसवला. बसवताना दातांची चक्रं कशी जुळली होती याची खूण केली नव्हती. चकतीच्या मशीनची सवय, कुठल्याही दातावर बसवा! पॉटला मात्र स्वतःचा शेवट असतो. दोन-तीन दात इकडेतिकडे झाले तर चाक आपल्या रबरी अडसराला टेकायच्या आधी पॉट आतल्या आत संपतो, आणि मग उरलेला जोर त्याच्या चिमुकल्या पत्र्याच्या जिभेवर येतो. संध्याकाळी कॉलेजातल्या एका दांडग्या पोराने चाक उजवीकडे आदळलं. 'टक' असा आवाज झाला. चांगला पॉट मेला.

रविवार तोंडावर होता आणि बदली पॉट नव्हता. पण माझ्या दुकानात पॉटचा डबा होता. किती वर्षांचा साठा! किंमत जुळणारा, ५ किलोओहमचाच एक निघाला, दांडाही बसला. त्याच्यावर 'ए' हे अक्षर होतं, काढलेल्यावर 'बी'. बघितलं, आणि दुर्लक्ष केलं. 'बी' म्हणजे सरळ चालीचा, जितका फिरवाल तितकाच बदल. 'ए' म्हणजे आवाजासाठीचा. कानाला आवाज सारख्या पायऱ्यांनी वाढल्यासारखा वाटावा म्हणून तो सुरुवातीला अगदी हळू आणि पुढे भराभर बदलतो. अर्ध्यावर फिरवला तर अर्ध्यावर नव्हे, सुरुवातीच्या दहा-पंधरा टक्क्यांतच घुटमळतो. हे मला माहीत नव्हतं का? पुरेपूर माहीत होतं. शेकडो रेडिओंत मी हा फरक सांभाळला होता. पण स्टिअरिंग हे मला आवाजाचं काम वाटत नव्हतं म्हणून तो नियम तिथे आठवलाच नाही. अज्ञानाने केलेली चूक मी कुणालाही सहज सांगेन. ही सांगायला अजूनही जड जाते.

बसवला, कॅलिब्रेशन केलं. बोर्डाने बिचाऱ्याने टोकं आणि मध्य जसे मिळाले तसे मान्य केले. आता डावीकडे चाक जरासं वळवलं तरी गाडी झटकन वळायची. डावं वळण बसत नाही ही तक्रार होती ना? बसलं की! मी भाच्याला सांगितलं, "पॉटच गेला होता." आणि संध्याकाळी दोघं खेळायला बसले की लाल सीट पूर्वीपेक्षा जास्त बिथरायची. डावीकडचा सगळा हिशेब आता तीसेक आकड्यांत मावत होता, त्यामुळे बारीकसा धक्काही तिथे डोंगराएवढा व्हायचा.

यापुढचं माझं काम म्हणजे आधी होता त्याहून मोठा गोंधळ. निळ्या सीटचा चांगला पॉट काढून लालला लावला आणि 'ए'वाला निळीला. भाग अदलाबदल करून पाहणं ही खरं तर उत्तम रीत आहे. पण त्याच वेळी मी बोर्डाकडचे कनेक्टरही बदलले आणि दोन्ही बाजूंचं कॅलिब्रेशनही नव्याने केलं. परिणाम असा की निळी सीट, जी इतके दिवस निरोगी होती, ती डावीकडे पिसाळली आणि लाल सीट पहिल्यासारखी उजवीकडे ओढतच राहिली. यात उत्तर होतं. चांगला पॉट लावूनही लाल ओढते, म्हणजे दोष पॉटमध्ये नाही, हे तिथे ठळक लिहिलेलं होतं. मला मात्र फक्त एवढंच दिसलं की आधी एक सीट बिघडली होती, आता दोन.

दिवाळीची सुट्टी लागली. बाहेरगावची भाचरं-पुतणी घरोघर आलेली, दिवसा रणगाडा संग्रहालय आणि संध्याकाळी आमचा गाळा, असा अनेकांचा बेत असायचा. नगर लष्करी गाव, सावेडीत निवृत्त फौजी भरपूर. असेच एक सुभेदारसाहेब नातवाला घेऊन आले होते. मी केबिनखाली आडवा, पाय बाहेर. त्यांनी वाकून विचारलं, "काय झालंय?" मी सगळं सांगितलं. "आधी किती आकडा होता?" मला सांगता येईना. "कुठली वायर कुठे होती, लिहून ठेवलंय?" नाही. ते जास्त काही बोलले नाहीत. नातवाला म्हणाले, "चल, दुसरा गेम खेळू." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

इथे थोडं अवांतर. चाक, गिअर आणि पायातली पेडलं घेऊन आलेला पहिला मोठा गाडीचा व्हिडिओ गेम अटारीचा, १९७४ सालचा 'ग्रॅन ट्रॅक १०'. तो खूप खपला. पण हिशेबात अशी चूक झाली होती की मशीन बनवायच्या खर्चापेक्षा कमी किमतीला जात होतं, म्हणजे जितकं खपेल तितका तोटा. ही गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली आणि उगाचच बरं वाटलं.

उत्तर शेवटी हट्टाने सापडलं, हुशारीने नाही. ते पहिलं पोरगं पुन्हा लाल सीटवर बसलं होतं, पुन्हा तेच म्हणालं, आणि या वेळी भाचा जवळ होता. तो म्हणाला, "मामा, तो म्हणतोय ते एकदा करून तर बघू." लाल सीट टेस्ट मेनूत टाकली, पडद्यावर '८०' स्थिर. निळ्या सीटवर भाच्याने खेळ चालू केला आणि गाडी सरळ भिंतीत घातली. लाल चाकाला कुणाचा हात लागलेला नव्हता. '८०' चा '८सी' झाला. मोटर थांबली, परत '८०'. पोरगं माझ्याकडे बघत होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग मीटर काढलं. एक टोक पॉटच्या काळ्या पायावर, दुसरं सप्लायच्या मूळ शून्यावर. दोन्ही शून्यच, तेव्हा मीटरने शून्य दाखवायला हवं. भाच्याने गाडी भिंतीला घासली की मीटर जवळजवळ अर्धा व्होल्ट दाखवायचं. त्या थिंबलपासून सप्लायपर्यंतची वायर बारीक, थिंबलही नीट दाबलेलं नाही, आणि त्यातून दोन्ही मोटरींचा अ‍ॅम्पिअरांतला करंट परत जायचा. वायरीला रोध असतो आणि करंट वाढला की तिच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक पडतो, हे शाळेत शिकवतात. मोटरीला त्या अर्ध्या व्होल्टचं काही वाटत नाही. पण मी पॉटचं शून्य तिथेच बांधलेलं, म्हणजे मोटर हिसका देई तेव्हा पॉटचं शून्यच वर उचललं जाई. चाक मध्यावर असेल तर पाव व्होल्टचा फरक, म्हणजे बारा आकडे. डावीकडच्या टोकाला पूर्ण अर्धा व्होल्ट, म्हणून डावं वळण अपुरं. उजवीकडच्या टोकाला काहीच नाही. मोटर कुठल्याही दिशेने फिरो, तिचा करंट परत एकाच वाटेने जातो, म्हणून ओढ कायम उजवीकडे. पोरांनी सांगितलेलं सगळं त्या एका स्क्रूपाशी जुळलं.

दुरुस्ती म्हणाल तर चहा थंड व्हायच्या आत झाली. पॉटची काळी वायर तिच्या मूळ जागी, बोर्डाच्या कनेक्टरवर नेली. मोटरींना जाड वायर आणि नवं, नीट दाबलेलं थिंबल. सरळ चालीचे दोन पॉट नंतर पुण्याच्या बुधवार पेठेतून आणले, एक बसवायला आणि एक राखून ठेवायला. या वेळी दातांवर रंगाने खूण केली, चाक सरळ धरून पॉट बरोबर अर्ध्यावर ठेवून चक्रं जुळवली, आणि आकडे वहीत लिहिले.

नंतरच्या आठवड्यात वेगळीच तक्रार आली, तीही निळ्या सीटवरच्या थोराड पोरांकडून. "काका, आता भिंतीला घासून काही होत नाही." म्हणजे? म्हणजे असं की त्यांना हे कधीपासूनच माहीत होतं. लाल सीटवाला डाव्या वळणावर आला की निळ्याने मुद्दाम भिंतीला घासायचं, त्याची गाडी बाहेर जायची. पाहुणा कुणी आला की त्याला आग्रहाने लाल सीट द्यायची, "तू बस, तू पाहुणा." आठवीतलं ते पोरगं माझ्याकडे मशीनची तक्रार करत नव्हतं, मित्राच्या लबाडीची करत होतं. मी त्याला किती टोकनं फुकट द्यायला हवी होती, याचा हिशेब भाच्याने तिथल्या तिथे केला आणि माझ्या नावावर मांडला.

पुढे गिअर अडकायला लागला तेव्हा मी अर्थातच आधी स्क्रू ड्रायव्हर उचलला, दुपारभर गिअरचा डबा उघडून बसलो. खाचेत शेंगदाण्याची फोलपटं होती.

मशीन भाच्याने काही वर्षांनी शिर्डीकडच्या एकाला विकलं. नेताना केबिनच्या आतल्या दारावर मी वायरिंगचा कागद चिकटवून दिला, काळ्या वायरींना वेगवेगळे नंबर घालून. 'ए' अक्षराचा पॉट मात्र त्यांना दिला नाही. तो घरच्या जुन्या रेडिओत व्हॉल्यूमला बसवलाय, आणि तिथे झकास चालतो.